सातबाऱ्यावरची बहीण

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्याची ही कथा. घरचे कर्ते तात्याजी वारले आहेत. मुंबईत स्थायिक झालेला सुधीर बायकोसह दिवसकार्यासाठी गावी आला आहे. थोरल्या भास्करने वाड्याची सूत्रे हाती ठेवली आहेत, धाकटा चंदू मुकाट्याने राबतो आहे, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. आणि या तिघांची अविवाहित बहीण प्रभा, शिकण्याची इच्छा मारून, त्याच वाड्यात कुढते आहे. खर्च कोणी करायचा, दागिने कोणाकडे, मागे उरले आहे तरी काय, यावरून भावाभावांत जे धुमसते ते मराठी प्रेक्षकाला कधीच परके वाटले नाही.

नाटकाचा जीव माणसांच्या तुटण्यात आहे, जमिनीच्या हिशेबात नाही. पण हा हिशेब महाराष्ट्रातील शेतकरी घरांत रोज मांडला जातो, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात महसूल खात्याने घेतलेल्या काही निर्णयांमुळे तो पुन्हा ऐरणीवर आला आहे. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणारी 'जिवंत सातबारा' मोहीम एप्रिलमध्ये राज्यभर सुरू झाली. मे महिन्यात शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्याच महिन्यात शेतरस्त्यांच्या रुंदीचे आणि सातबाऱ्यावरील त्यांच्या नोंदीचे आदेश निघाले. भावंडांना कमी खर्चात आणि कमी कटकटीत वेगळे होता यावे, हे या निर्णयांचे समान सूत्र आहे. हेतू स्तुत्य आहे. मात्र वाटणीला बसणारी भावंडे कोण, त्यांत प्रभा धरायची की नाही, हा प्रश्न सरकारने गावावर आणि घरावर सोडून दिला आहे, आणि त्याचे उत्तर गाव कसे देते हे सर्वांना ठाऊक आहे.

साडेबारा गुंठे ते पन्नास गुंठे

एक साधे उदाहरण घेता येईल. हिंदू एकत्र कुटुंबाची पाच एकर वडिलोपार्जित जमीन, वडील मृत्युपत्र न करता वारलेले, मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. हा मृत्यू १९८५ मध्ये झाला असता तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार आधी वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे कल्पिले गेले असते. मुलीचा संबंध यायचा तो केवळ वडिलांच्या चौथाईत, तोही चौघांतील एक म्हणून. म्हणजे तिला जमिनीचा सोळावा हिस्सा, साडेबारा गुंठे. प्रत्येक भावाला साडेबासष्ट. घराबाबतची तरतूद तर आणखी बोलकी होती. कायद्याच्या कलम २३ नुसार राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार मुलीला नव्हता; पुरुष वारस वाटणी करायला निघतील तोवर तिने थांबायचे. अविवाहित, परित्यक्ता किंवा विधवा मुलगी त्या घरात राहू शकत असे, एवढेच. वाड्यात राहा, पण वाडा मागू नकोस, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्राने जून १९९४ मध्ये मुलींना जन्मतः सहदायाद ठरवले. या सुधारणेत एक मोठी फट होती: त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. एकाच घरात थोरली बहीण बाहेर आणि धाकटी आत, अशी अवस्था झाली. ही फट ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आलेल्या केंद्रीय सुधारणेने बुजवली आणि कलम २३ ही रद्द झाले. वरच्या उदाहरणातील मुलीला आता भावांच्या आणि आईच्या बरोबरीने चौथा हिस्सा, म्हणजे पन्नास गुंठे मिळतात.

पुढची पंधरा वर्षे वाद राहिला तो वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत का, यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हवेत असे म्हटले, २०१८ मध्ये वेगळा सूर लावला आणि अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्वाळा दिला की मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्यांना मात्र धक्का लागत नाही. अर्थात हा हक्क कितीही मागे जात नाही. वडील १९५६ च्या कायद्यापूर्वीच वारले असतील आणि मागे विधवाही असेल, तर मुलीला वारसा मिळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले.

या निकालातील एक भाग ग्रामीण महाराष्ट्रासाठी उरलेल्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा आहे. 'आमची वाटणी फार पूर्वीच तोंडी झाली आहे' हा भावांचा बचाव न्यायालयाने सरसकट मान्य करण्यास नकार दिला. सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच, अपवाद म्हणून, तो ऐकला जाईल. आपल्याकडे बहुसंख्य वाटण्या तोंडीच झालेल्या असतात. चार जाणती माणसे बसतात, बांधावर दगड रोवले जातात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, थोरल्याला घर आणि धाकट्याला गोठा येतो. कागद होत नाही. असे असंख्य 'मिटलेले' व्यवहार कायद्याच्या दृष्टीने अजून मिटलेले नाहीत.

सही कुठे आणि केव्हा होते

खातेदार वारला की वारसांनी वर्दी द्यायची, तलाठ्याने, म्हणजे नव्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकाऱ्याने, वारसांची नोंद करून फेरफार धरायचा, हितसंबंधितांना नोटिसा काढायच्या, पंधरा दिवस हरकतींची वाट पाहायची आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची, ही पद्धत. बहिणीचे नाव गळते ते या साखळीत दोन ठिकाणी. पहिला प्रकार सरळ लपवण्याचा: वारसांच्या प्रतिज्ञापत्रात मुलींचा उल्लेखच नाही. दुसरा अधिक रुळलेला आणि वरकरणी राजीखुशीचा: आधी सगळ्यांची नावे लागतात, मग बहिणी हक्कसोडपत्र करून देतात. जुन्या फेरफारांत तर नुसत्या जबाबावर बहिणींची नावे कमी केलेली आढळतात. स्थावरातील हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो, हे तेव्हाही खरे होते.

हक्कसोडीचे गावातले व्याकरण ठरलेले आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याचा दिवस बहुधा भाऊच ठरवतो. गाडी तोच करतो, दस्त लिहिणारा त्याच्या ओळखीचा असतो, बहिणीच्या हाती साडीचोळीचे पाकीट पडते. दस्तात 'कोणत्याही दडपणाशिवाय' असे छापील वाक्य असते. दडपण असलेच तर ते त्या खोलीत दिसणारे नसते. 'माहेर तुटेल' या दोन शब्दांत ते सामावलेले असते. नवऱ्याशी बिनसले तर कुठे जायचे, बाळंतपणाला, सणावाराला कोण नेणार, आईला भेटायला कोणाच्या दारात उभे राहायचे, हे सगळे भावाच्या मर्जीवर अवलंबून. जमिनीचा तुकडा आणि माहेरचे दार यांपैकी एक निवडायला सांगितले तर बहुतेक स्त्रिया दार निवडतात, आणि त्यांच्या परिस्थितीत तो निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागतो.

भावाची बाजू मात्र निव्वळ लोभाची आहे असे समजणे अन्यायाचे होईल. राज्यातील सरासरी धारण क्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले, आणि खातेदारांची संख्या ४९.५ लाखांवरून १५२ लाखांच्या पुढे गेली. एवढ्याशा जमिनीवर आईवडिलांचे आजारपण, बहिणीच्या लग्नाचे कर्ज आणि स्वतःची मुले काढणारा भाऊ 'तिच्या लग्नातच तिचा वाटा गेला' असे म्हणतो, तेव्हा तो कायद्याने चुकत असला तरी खोटे बोलत नसतो. शिवाय एक व्यावहारिक पेच आहे. खाते सामाईक असले की पीककर्जाला आणि पीकविम्याला सहखातेदारांची संमतीपत्रे लागतात. चार बहिणी चार जिल्ह्यांत दिलेल्या असतील तर पेरणीच्या तोंडावर त्यांच्या सह्या गोळा करणे हे कामच होऊन बसते. बहिणीचे नाव कमी करण्याचा आग्रह पुष्कळदा इथून, सोसायटीच्या किंवा बँकेच्या खिडकीवरून सुरू होतो. व्यवस्थेने सहखातेदाराची संमती सोपी केली असती, तर कित्येक हक्कसोडपत्रे कदाचित लिहिलीच गेली नसती.

'बहीण तिचा तुकडा परक्याला विकेल' ही दुसरी धास्ती. तिचे उत्तर कायद्यात आहे, पण ते गावापर्यंत पोहोचलेले नाही. वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार वारसाने आलेला हिस्सा एखाद्या वारसाला विकायचा असेल तर इतर वारसांना तो विकत घेण्याचा पहिला अधिकार आहे, आणि हे कलम शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. म्हणजे भावाला बहिणीचा वाटा फुकट मिळवण्यावाचून गत्यंतर नाही, ही समजूत निराधार आहे. तो वाजवी किमतीला, हप्त्यांनीही घेता येतो. परंतु 'विकत घेणे' म्हटले की बहिणीचा हक्क आधी मान्य करावा लागतो, आणि घोडे नेमके तिथेच अडते.

या व्यवहारातली एक गुंतागुंत सहसा नजरेआड राहते. माहेरी हक्क सोडणारी स्त्रीच सासरी नणंदेच्या हक्कसोडीची लाभार्थी असते. एका घरात तिने गमावलेले दुसऱ्या घरात नवऱ्याच्या नावाने परत येते. तिच्या स्वतःच्या नावाने मात्र कुठेच काही राहत नाही. लग्न टिकले तर हा हिशेब कसाबसा जमतो. नवरा गेला, किंवा त्याने टाकले, तर ती दोन्ही सातबाऱ्यांवरून नाहीशी झालेली असते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८९ पासून 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, त्याला अनेक गावांनी प्रतिसाद दिला. बहिणीसाठी तशी चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली नाही. पत्नीला दिलेली जमीन घरातच राहते, बहिणीला दिलेली दुसऱ्या घरात जाते, हा फरक शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

पैसा आला की

जमीन नुसती कसायची असते तोवर ही हक्कसोड बिनबोभाट चालते. जमिनीचे अचानक पैसे झाले की चित्र पालटते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गासाठी २०१७ पासून थेट खरेदीने जमिनी घेतल्या गेल्या, मोबदला अनेकांच्या कल्पनेपलीकडचा होता आणि खरेदीखतावर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या आवश्यक होत्या. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला; त्याच्या कडेच्या घरांतील भांडणे इतक्या लवकर संपणारी नाहीत. ज्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावर राहिले होते तिच्या सहीला अचानक किंमत आली, आणि जिने आदल्याच वर्षी साडीवर सही केली होती तिला आपण काय सोडले हे वर्तमानपत्रातील भावावरून कळले. नोंदणीकृत हक्कसोडपत्र सहजी परत घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते, तीही ध्यानात आल्यापासून तीन वर्षांत दावा लावून.

जिचे नाव मुळातच लागले नाही तिची स्थिती, गंमत अशी की, अधिक बळकट असते. सातबारा हा हक्काचा अंतिम पुरावा नाही, महसुली नोंद आहे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. नाव नसले म्हणून वारसाहक्क जात नाही, आणि सहहिस्सेदार असलेल्या भावाने नुसती वर्षानुवर्षे जमीन कसली म्हणून ती त्याच्या एकट्याची होत नाही. अडचण एवढीच की हे सिद्ध करायला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि बहिणीने भावाला नोटीस पाठवली की भाऊबीज त्या वर्षापासून बंद होते.

थेट मदतीच्या योजनांनीही नावाला मोल आणले आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान योजनेपासून खातेदार असणे म्हणजे वर्षाला ठरावीक रक्कम खात्यात येणे असे समीकरण झाले. आता शेतकरी ओळख क्रमांकही सातबाऱ्यावरील नावाला जोडलेला आहे. भाऊभाऊ वेगळे खाते मागू लागले आहेत ते यासाठीही.

सलोखा कोणाचा

भावाभावांच्या वादात सरकारने बऱ्यापैकी लक्ष घातले, हे मान्य करायला हवे. नाव एका गटावर आणि ताबा दुसऱ्याच, अशी अदलाबदल झालेल्या शेतकऱ्यांसाठी जानेवारी २०२३ मध्ये 'सलोखा' योजना आली. बारा वर्षांचा ताबा असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी प्रत्येकी एक हजार रुपये, एवढ्यात अदलाबदलीचा दस्त करण्याची सोय झाली. वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क शंभर रुपये असताना नोंदणी फी मात्र मूल्याच्या एक टक्का, कमाल तीस हजारांपर्यंत होती. तोंडी वाटण्यांचे हे एक मोठे कारण २०२५ च्या माफीने दूर झाले. तुकडेबंदीचे प्रमाणभूत क्षेत्रही २०२३ मध्ये जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठ्यांवर आणले गेले.

इतके करूनही बांधावरचे भांडण शिल्लक राहते, कारण कागदावरची वाटणी जमिनीवर उतरवायला पोटहिस्स्याची मोजणी लागते. ती झाली नाही तर एका गटात दोन भावांची नावे वेगळी होतात, पण रेषा कुठून जाते हे नांगरणाराच ठरवतो. दरवर्षी एक तास इकडे, एक तास तिकडे सरकत बांध पातळ होत जातो. विहीर सामाईक, विजेचे मीटर थोरल्याच्या नावावर, धाकट्याच्या तुकड्याला वाट थोरल्याच्या उभ्या पिकातून. तीन ते चार मीटर रुंदीच्या शेतरस्त्याचा आदेश स्वागतार्ह आहे. तो अर्ध्या एकराच्या पट्टीतून न्यायचा कसा, हा प्रश्न त्या त्या तहसीलदाराला पडणार आहे.

'जिवंत सातबारा'ने मात्र नकळत एक वेगळीच गोष्ट घडवली आहे. वीस-वीस वर्षे मृत आजोबांच्या नावे राहिलेली खाती वारसांच्या नावे होताना कायद्याप्रमाणे मुलींची, आत्यांची नावेही लावावी लागतात. कित्येक स्त्रियांचे नाव सरकारी कागदावर जमीनधारक म्हणून आयुष्यात प्रथमच आले असेल. ते किती दिवस टिकते हे पुढच्या एकदोन हंगामांत ठरेल. फी माफ झाल्याने वाटणीपत्रे वाढतील हे उघड आहे. सोबत तितकीच हक्कसोडपत्रे आली, तर सरकारने सोपी केली ती वाटणी नसून बहिणीला वगळण्याची वाट ठरेल. दस्त नोंदवताना निबंधकाने हक्क सोडणाऱ्या स्त्रीशी एकटीशी बोलावे, तिच्या वाट्याचे शासकीय दराने होणारे मूल्य दस्तात ठळक लिहावे आणि ते तिला वाचून दाखवावे, एवढ्या साध्या गोष्टींना नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरते.

माफीनंतर नोंदवल्या गेलेल्या वाटणीपत्रांपैकी किती दस्तांत बहीण वाटा घेणारी म्हणून आली आणि किती ठिकाणी आधीच हक्कसोड होऊन केवळ भाऊ उरले, हे नोंदणी व मुद्रांक विभागाला शोधून काढता येईल. प्रत्येक दस्तात पक्षकारांची नावे असतात, आणि कोण कोणाच्या नावे हक्क सोडते आहे हेही लिहिलेले असते.